तीन अक्षरांचं मांजर

घाटकोपरच्या पंतनगरात, हाउसिंग बोर्डाच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर रत्नप्रभा राहायची, आणि तिच्या घरात उघडी राहिलेली वस्तू शोधून सापडली नसती. रेडिओवर क्रोशाचा रुमाल, माठावर क्रोशाचं झाकण, लोणच्याच्या बरणीलासुद्धा झालरीची टोपी. तिचा नवरा सहदेव म्हणायचा, दुपारचं झोपायची भीती वाटते, जाग येईल तेव्हा आपल्या टकलावर झालर असायची. सहदेव विक्रोळीच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात होता. तोंडाने तिखट, मनाने लोणी. दोघंही मालवणाकडची. मुंबईत पंचवीस वर्षं काढली तरी उंबऱ्याच्या आत दोघांची आपसात मालवणीच चालायची.

क्रोशा तिला शिकवला होता एका गोवेकरीण शेजारणीने, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. चौकड्यांच्या कागदावर चित्र असतं. काळी चौकडी आली की खांब म्हणजे उभे टाके घालून ती भरायची, पांढरी आली की जाळी ठेवून पुढे जायचं. रत्नप्रभा त्यांना भरलं घर आणि रिकामं घर म्हणायची. ‘दोन भरली, तीन रिकामी, एक भरलं’ असं पुटपुटत सुई चालायची, आणि त्या वेळी तिच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. एक घर चुकलं तर ती अख्खी ओळ उसवायची. चूक दुसऱ्या कुणाला भिंग लावूनही दिसली नसती, पण तिला दिसायची, आणि मग जेवण गोड लागायचं नाही. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण मोजण्यात तिचा हात धरणारं पंतनगरात कुणी नव्हतं. पुढे जे झालं ते या मोजण्यानेच केलं म्हणायचं.

शुभा ही तिची एकुलती एक मुलगी, आईबापांशीही शाळेतली मराठी बोलणारी. अठ्ठ्याहत्तर साली तिचं लग्न बोरिवलीच्या श्यामसुंदरशी झालं. मुलगा सरकारी कचेरीत कारकून, स्वभावाने गरीब, आणि आईच्या शब्दाबाहेर नाही. आई म्हणजे द्रौपदीबाई, त्याही मालवणाकडच्याच. त्या वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट असत्या तर निदान त्यांचा राग तरी करता आला असता. सून आजारी पडली तर रात्रभर तिच्या पायाला तेल चोळणारी बाई ती. पण घरात नातू हवा, हे त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि शुभाचे दोन गर्भ राहून गेले होते. एक तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्यात. दुसऱ्या वेळेनंतर त्यांनी लग्न जमवणाऱ्या शिवदासमामांकडून घाटकोपरला निरोप धाडला. निरोप साधा होता. पोरीत काहीतरी उणं आहे. देव करो आणि पुढच्या खेपेला सगळं नीट होवो, पण नाही झालं तर तिला तुमच्याकडेच राहू द्या, आम्हाला मुलाचं पुढचं बघावं लागेल.

सहदेव शिवदासमामांच्या अंगावर धावून गेला. रत्नप्रभेने त्यांना चहा दिला. मुलीची आई झाली की माणूस असं शिकतं. त्या दिवसापासून तिच्या मनात एकच गोष्ट राहिली: शुभाचं घर टिकलं पाहिजे. नातवंडाची हौस होतीच, पण हौस दुसरी आणि मुलीचं घर मोडण्याचं भय पहिलं.

ब्याऐंशी साली शुभाला पुन्हा दिवस गेले. तिसरा महिना गेला, पाचवाही गेला. तेव्हा कुठे रत्नप्रभेने श्वास सोडला आणि बाळासाठी विणायला घ्यायचं ठरवलं. आता, जन्माला न आलेल्या मुलासाठी नवं काही करून ठेवू नये, हे तिला माहीत नव्हतं का? होतं. पण तिने त्यातून आपली पळवाट काढली. दुपटं विणायचं, पण काठ घालायचा नाही. काठ नाही तोवर दुपटं पुरं नाही, आणि पुरं नाही ते केलंच नाही. देवाशी असा वकिली हिशेब करणाऱ्या बायका कोकणात घरोघरी सापडतील.

नमुना आणला सहदेवने. रद्दीच्या दुकानात त्याला एक परदेशी विणकामाचं मासिक मिळालं होतं, मुखपृष्ठ फाटलेलं, आत सगळं इंग्रजी. पण चौकड्यांना भाषा लागत नाही. मधल्या पानावर बाळाच्या दुपट्याचा नमुना होता, सहा चौकोनांचा, आणि दर चौकोनात एक प्राणी. हत्ती, ससा, बदक, घोडा, कासव. सहावा काही पटकन कळेना. वाटोळं तोंड, वर दोन टोकदार कान, बशीएवढे दोन डोळे, मध्ये नाकाचा त्रिकोण. कसल्याशा आडव्या पट्टीवर बसलेला. पट्टी म्हणजे भिंतीचा कठडा असावा. शेपूट नव्हतं, पण समोरून बघितलं तर शेपूट कसं दिसेल? चित्राखाली इंग्रजी नाव होतं. रत्नप्रभेने अक्षरं मोजली. तीन. शुभा पाचवीत असताना मोठ्याने घोकायची, सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. ती तीन अक्षरं आईच्या कानात अजून होती. झालं तर मग, मांजर.

तिने सहदेवला बोलावून दाखवलं. हे बघा मांजर, खाली लिहिलंय पण तसं. सहदेवने हात जोडले.

“आमची मॅडम इंग्रजी वाचूक लागली,” तो म्हणाला. “आता माका कामावरसून काढतले आणि हिका घेतले.”

पांढऱ्या सुती दोऱ्याचं, सहा चौकोनांचं दुपटं दीड महिन्यात झालं. लोकर तिने मुद्दाम घेतली नाही, मुंबईच्या उकाड्यात पोराला घामोळं उठायचं. सहावा चौकोन विणताना तिला सगळ्यात गंमत वाटली, कारण हत्ती आणि ससा कुणीही विणेल, पण असं टक लावून बघणारं मांजर तिने आजवर विणलं नव्हतं. कुणी म्हणेल, एवढं कसं कळलं नाही? पण बाळाच्या अंगावर घालायच्या कापडावर कुणी ते दुसरं काढेल, हे तिच्या काय, तिच्या सात पिढ्यांच्या डोक्यात आलं नसतं. तिकडच्या लोकांना ते गोजिरवाणं वाटतं म्हणे. गावी ते घराच्या कौलावर बसलं तर दिवेलागणीनंतर त्याचं नावसुद्धा काढत नसत. त्याला दगड मारला तर ते दगड उचलून नेतं आणि झिजवत बसतं, दगड झिजेल तसा माणूस झिजतो. तान्ह्या पोराचं नाव त्याच्या कानावर पडलं तर ते पोराला हाक मारतं.

सातव्यात शुभा माहेरी आली. दुपटं तोवर ट्रंकेत गेलं होतं. बाळाच्या आधी आईने ते बघू नये, म्हणून रत्नप्रभेने दाखवलं नाही. मायलेकी दुपारी खिडकीशी बसायच्या, शुभा पाय लांब करून आणि रत्नप्रभा तिच्या घोट्यांची सूज बोटाने दाबून बघत. ते पाच आठवडे बरे गेले. त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं काही नाही.

आठवा संपायच्या आत एका पहाटे शुभाच्या पोटात कळा आल्या. तिला दवाखान्यात नेलं, सहदेव टॅक्सीत पुढे बसून सबंध वाटभर मागे वळून बघत होता. रत्नप्रभेने निघताना ट्रंकेतून दुपटं आणि सुई पिशवीत टाकली होती. दहाच्या सुमाराला आयाने येऊन मुलगा झाल्याचं सांगितलं, तेव्हा तिने बाहेरच्या बाकड्यावर बसून काठ घालायला घेतला. मुलगा बारीक आहे, फुप्फुसं कच्ची आहेत, असं डॉक्टर म्हणत होते. ती ऐकत होती आणि खांब घालत होती. दुपारी काठ पुरा झाला. नर्सने हो-ना करत दुपटं आत नेलं आणि बाळाला त्यात गुंडाळलं.

दुसऱ्या दिवशी चारला बाळ गेलं. सगळं मिळून तीस तास जगलं. श्यामसुंदर आणि सहदेव त्याला घेऊन गेले आणि पुरून आले. दुपटं शुभाच्या कपड्यांच्या गाठोड्यात घरी परत आलं.

पाचव्या दिवशी द्रौपदीबाई बोरिवलीहून आल्या. हातात मोठी कापडी पिशवी होती, ती त्यांनी दाराच्या आत भिंतीला लावून ठेवली. वरच्या बाजूला शुभाची लग्नातली हिरवी साडी दिसत होती. रत्नप्रभेने साडी बघितली. पोरीचे कपडे तिच्या मागोमाग माहेरी आले म्हणजे पुढे काही बोलायचं उरत नाही. सहदेव कामावर होता. शुभा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती, दूध भरून येऊन छाती दगडासारखी झालेली, त्यावर कोबीची पानं बांधली होती. द्रौपदीबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला, डोळे पुसले, आणि मग हळूच म्हणाल्या की पोराचं काही घरात ठेवू नये, असेल ते द्या, खाडीत सोडते.

रत्नप्रभेने गाठोडं सोडलं. दुपटं द्रौपदीबाईंनी घडी घालण्यासाठी पसरलं. खिडकीतून ऊन येत होतं आणि जाळीच्या रिकाम्या घरांतून ते आरपार आलं. सहाव्या चौकोनातले दोन डोळे उजळून निघाले.

“ह्यां काय?” द्रौपदीबाई म्हणाल्या.

शुभाने मान वळवून बघितलं. मांजर असेल, असं ती म्हणाली.

“मांजर फांदयेर बसता? आणि शेपूट खंय तेचा?” त्यांनी चौकोन लांब धरला, जवळ धरला. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. “घुबड आसा ह्यां.”

रत्नप्रभेने बघितलं. कठडा होता तिथे फांदी होती. नाक होतं तिथे चोच होती. दीड महिना मांडीवर घेऊन विणलेलं मांजर एका शब्दासरशी नाहीसं झालं आणि ते दुसरं तिच्याकडे टक लावून बघत राहिलं. आपण नातवाला त्यात गुंडाळलं, आपल्या हाताने.

द्रौपदीबाई खाली बसल्या. त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलू लागल्या. म्हणजे आपण इतके दिवस पोरीलाच बोल लावत होतो. हे असं अंगावर घातल्यावर कसलं पोर जगणार? बोलता बोलता त्यांची नजर दाराजवळच्या पिशवीवर गेली, आणि ती गेलेली रत्नप्रभेने बघितली. मग काहीतरी मनाशी जोखून त्यांनी विचारलं.

“तुमका ठाऊक नव्हतां, विहीणबाई? नकळत झाला तर दोष लागणा नाय. मगे तो दोष पोरीचोच.”

इथे रत्नप्रभेला विचार करायला किती वेळ मिळाला असेल? एक ओळ मोजायला लागतो तेवढाही नाही. पण हिशेब सरळ होता. तिला माहीत नव्हतं म्हणावं, तर पिशवी इथे राहते. माहीत होतं म्हणावं, तर पिशवी परत जाते.

“ठाऊक होतां,” ती म्हणाली. “विणताना कळलां माका. पण अर्ध्याच्या वर झालेलां. उसवूचो कंटाळो केलंय.”

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला खोटं असंच सुचतं, आपल्या रोजच्या कामातलं, लहानसं. आणि लहान असतं म्हणूनच त्यावर विश्वास बसतो.

शुभा कॉटवर उठून बसली. “आई, खरंच ठाऊक होतं तुला?”

द्रौपदीबाई दोघींकडे बघत होत्या. रत्नप्रभेने होय म्हटलं.

“एक घर चुकलं तर तू ओळ उसवतेस,” शुभा म्हणाली. “आणि माझ्या बाळाच्या वेळी कंटाळा आला?”

त्या पोरीला तेव्हाच कळायला हवं होतं. आईची एवढी ओळख होती, तर आई हे करणार नाही हेही कळायला हवं होतं. पण पाच दिवसांपूर्वी जिचं मूल गेलं तिला कुणीतरी हवं असतं ज्याच्यावर रागावता येईल. देव हाताला लागत नाही. आई समोरच होती.

द्रौपदीबाईंनी शुभाला आणखी एक रात्रही तिथे ठेवलं नाही. महिनाभर विश्रांती इथे घ्यायची ठरलेली, ती आता बोरिवलीलाच होईल म्हणाल्या. ज्या घरात असं विणलं गेलं तिथला वारासुद्धा सुनेला नको. पुढे मूल झालंच तर ते पायावर उभं राहीपर्यंत आजीने त्याला हात लावायचा नाही, हेही त्यांनी सांगितलं, मोठ्याने नाही, समजुतीच्या सुरात. दुपटं त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं. हिरवी साडी वर असलेली पिशवी त्यांनीच उचलली. शुभा जिना उतरताना कठड्याला धरून उतरत होती, आणि रत्नप्रभेने पुढे केलेला हात तिने घेतला नाही.

संध्याकाळी सहदेव आला आणि त्याला सगळं कळलं. तो चपला घालून बोरिवलीला निघाला होता. रत्नप्रभा दारात आडवी उभी राहिली.

“तुका खंय ठाऊक होतां गो?” तो म्हणाला. “माका तू मांजर म्हणान दाखयलंस. मी काय मेलंय?”

“ह्यां तुमी कोणाक सांगूचा नाय,” ती म्हणाली. “माझ्या गळ्याची आण.”

तो बराच वेळ चपला घालूनच खुर्चीवर बसून राहिला. मग त्याने ते मासिक शोधून काढलं आणि बंबात घातलं. त्यानंतर रत्नप्रभेने सुई हातात घेतली नाही. शेजारणी दोरा घेऊन यायच्या, त्यांना ती डोळे अधू झाल्याचं सांगायची. खोटं एकदा जमलं की मग जमत जातं.

चौऱ्याऐंशी साली शुभाला मुलगा झाला आणि तो जगला. अनंत नाव ठेवलं. पेढे शिवदासमामांनी आणून दिले. सहदेव म्हणाला, आता तरी जाऊन सांगू या, आता काय बिघडतं? पण रत्नप्रभेने मोजून ठेवलं होतं. आपण गेलो आणि चार दिवसांनी पोराला नुसता ताप आला तरी त्या घरात सगळ्यांच्या तोंडी आपलंच नाव येणार, आणि शुभाच्याही. ती गेली नाही. बोरिवलीला जाणं सहदेवनेच सुरू केलं, महिन्यातून एकदा, रविवारी. परत आला की ती त्याच्यापुढे ताट ठेवून बसायची आणि तो सांगायचा. दात आले. चालायला लागला. मला टकल्या म्हणतो. कधीकधी तिचा चेहरा बघून तो जेवता जेवता थांबायचा आणि म्हणायचा, “मांजरच होतां गो तां. माका ठाऊक आसा.” तेवढ्यावर ती पुढचा महिना काढायची. दुसऱ्या कुणी हे म्हणायची तिला गरज नव्हती. एका माणसाला ठाऊक आहे, एवढं पुरत होतं.

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये सहदेव गेला. कारखान्यातच छातीत कळ आली, घरी आणेपर्यंत संपला होता.

तेराव्याला शुभा आली. एकटीच आली, अनंतला तिकडे ठेवून. जेवणं उरकली, माणसं पांगली, आणि मायलेकी सात वर्षांत पहिल्यांदा खिडकीशी समोरासमोर बसल्या. शुभा भरली होती, कानांपाशी दोन-चार केस पांढरे झाले होते. बाबा अनंतला फार जीव लावायचे, असं काहीबाही ती सांगत होती. मग आपणहून म्हणाली की राग आता उरला नाही, द्रौपदीबाईही थकल्यात, जुनं कुणी काढत नाही. एवढी मायेने बोलली की रत्नप्रभेचा बांध फुटला. आता कुणाचं काय बिघडणार होतं? पोर पाच वर्षांचं झालं होतं, घर टिकलं होतं. तिने शुभाचा हात धरला.

“शुभा, माका ठाऊक नव्हतां गो. माका मांजर वाटलेला. बापाशीक इचार तुझ्या,” ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला कळलं की आपण काय म्हणालो.

शुभाने हात सोडवून घेतला नाही. उलट दुसऱ्या हाताने थोपटला, जसं म्हाताऱ्या माणसाला थोपटतात.

“आई, आता कशाला खोटं बोलतेस?” ती म्हणाली. “मी माफ केलंय तुला.”

थोड्या वेळाने ती निघाली. अनंत तिच्याशिवाय जेवत नाही म्हणाली.

रत्नप्रभा भांडी घासायला बसली. खरं बोलले तेच खोटं वाटलं पोरीला, याचं तिला रडू यायला हवं होतं, पण तिच्या मनात भलतंच सुरू झालं. तिने ते पान आठवायचा प्रयत्न केला. हत्ती आठवला, ससा, बदक, घोडा, कासव आठवलं. सहावा चौकोन डोळ्यांपुढे आला तो फांदीसकट, चोचीसकट. तिने पुन्हा पुन्हा पाहिलं. नवऱ्याला बोलावून तिने काय दाखवलं होतं, तिला तेव्हा खरोखर काय दिसलं होतं, की कुठेतरी कळलं होतं आणि कंटाळाच केला होता? विचारायला कुणी उरलं नव्हतं. त्यानंतर ती बारा वर्षं जगली, पण ते मांजर तिला पुन्हा कधी दिसलं नाही.